कॉलिन्स स्ट्रीट: काय पाडलं, काय उभं राहिलं

(या भागाचा लेखी मजकूर. बोलताना सारखे येणारे "म्हणजे" आणि "बरं का" थोडे कमी केलेत. बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)

 

मेलबर्नमध्ये राहतोस, मग त्या शहराबद्दल कधी बोलणार, असं तुमच्यापैकी काही जणांनी विचारलं होतं. आज बोलतो. पण अख्ख्या शहराबद्दल नाही, फक्त एका रस्त्याबद्दल. कॉलिन्स स्ट्रीट. आणि त्यातही तिथे आज ज्या इमारती नाहीत त्यांच्याबद्दल जास्त.

आधीच सांगतो, मी सॉफ्टवेअरवाला माणूस. बीटेक केलंय, वास्तुकला शिकलेलो नाही. पण माझं ऑफिस या रस्त्याच्या पश्चिम टोकाला आहे आणि दुपारी डबा खाऊन झाला की एक चक्कर मारायची सवय आहे. चालताना एक गोष्ट लक्षात यायला लागली. मधेच एखादी कोरीवकाम केलेली दगडी इमारत, तिच्या शेजारी काचेचा उंच टॉवर, परत एक दगडी, परत काच. तोंडातले मधलेमधले दात पडावेत तसं. मग वाचायला लागलो, की या पडलेल्या दातांच्या जागी आधी काय होतं, ते का गेलं, आणि त्याच्या जागी जे आलं ते कसं निघालं. आजचा भाग त्यावर.

रस्ता कसा घडला

१८३७ मध्ये रॉबर्ट हॉडल या सर्व्हेअरने मेलबर्नची चौकटीची आखणी केली. मुख्य रस्ते ९९ फूट रुंद, म्हणजे साधारण ३० मीटर. तेव्हा इथे वस्ती अगदी थोडी होती, पण रस्ते असे आखले की आज मधून ट्राम जाते, दोन्ही बाजूंनी गाड्या जातात आणि तरीही झाडं लावायला जागा उरते. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये व्हिक्टोरिया राणी गादीवर आली. म्हणजे हा रस्ता आणि व्हिक्टोरियन काळ अगदी जुळी भावंडं.

१८५१ मध्ये इथे सोनं सापडलं आणि सगळं बदललं. पैसा आला, बँका आल्या, विमा कंपन्या आल्या, आणि प्रत्येकाला कॉलिन्स स्ट्रीटवरच पत्ता हवा होता. १८८० च्या दशकात तर जमिनीचे भाव इतके चढले, की लोक कर्ज काढून जमीन घ्यायचे आणि काही महिन्यांत विकून टाकायचे. ऐकलेलं वाटतं ना? तेच ते. त्या दहा-बारा वर्षांत या रस्त्यावर जे बांधलं गेलं, ती या शहराची सगळ्यात थाटाची बांधकामं होती.

मग १८९० च्या सुरुवातीला फुगा फुटला. बँकांनी दारं लावली. त्यानंतर बरीच वर्षं नवं बांधायला कोणाकडे फारसा पैसाच नव्हता, आणि म्हणूनच या इमारती पुढे निम्मं शतक टिकल्या. जपायचं असं कोणी ठरवलं नव्हतं. पाडून नवं बांधणं परवडत नव्हतं, एवढंच. हे लक्षात ठेवा, कारण पैसा परत आला तेव्हा काय झालं ते आता सांगतोय.

फेडरल कॉफी पॅलेस

कॉलिन्स स्ट्रीट आणि किंग स्ट्रीट जिथे मिळतात त्या कोपऱ्यावर १८८८ मध्ये फेडरल कॉफी पॅलेस उघडलं. नावावर जाऊ नका, हे कॉफी शॉप नव्हतं. त्या काळी दारूबंदीची मोठी चळवळ होती आणि त्या लोकांनी दारू न मिळणारी आलिशान हॉटेलं काढली होती, त्यांना कॉफी पॅलेस म्हणायचे. फेडरलचे फोटो बघा एकदा. सात मजले, कोपऱ्यावर उंच घुमट, प्रत्येक खिडकीला वेगळी महिरप, कुठे पुतळे, कुठे मनोरे. लग्नाच्या केकवर आणखी एक केक ठेवावा तसं. त्या वर्षी मेलबर्नमध्ये मोठं आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरलं होतं, त्याच्या पाहुण्यांसाठी घाईने उभं केलेलं.

आता गंमत बघा. यामागे दोन पुढारी होते, जेम्स मन्रो आणि जेम्स मिरॅम्स. दोघेही दारूबंदीवाले, दोघेही जमिनीच्या धंद्यात. फुगा फुटला तेव्हा मिरॅम्सना खोटा ताळेबंद दाखवल्याबद्दल तुरुंगात जावं लागलं. मन्रो तर व्हिक्टोरियाचे प्रीमियर झाले, म्हणजे आपल्या मुख्यमंत्र्यांसारखं पद, आणि नंतर दिवाळखोर झाले. आणि त्यांच्या त्या हॉटेलात पुढे दारू मिळायला लागली! म्हणजे ही इमारत काही फार पवित्र पैशातून उभी राहिलेली नव्हती. हे मुद्दाम सांगतोय. जुनं म्हणजे सगळं सोज्वळ असं मला म्हणायचंच नाहीये.

१९७३ मध्ये फेडरल पाडलं. वय ८५. त्या जागी एंटरप्राइझ हाऊस नावाची ऑफिस बिल्डिंग आली. तिचे फोटो शोधलेत तर सापडतील, पण मुद्दाम शोधावेत असं त्यात काही नाही. तीही पन्नाशी गाठायच्या आत पाडली, आणि आता तिथे नवा काचेचा टॉवर उभा आहे. म्हणजे फेडरलला बाजूला सारून जी आली, तिला फेडरलएवढं आयुष्यही मिळालं नाही.

पाडायचं गणित

मग लोक काय वेडे होते का? नाही. त्यांचं गणित होतं, आणि ते समजून घेतलं पाहिजे.

१९१६ मध्ये शहराने इमारतींच्या उंचीवर १३२ फुटांची मर्यादा घातली होती, म्हणजे ४० मीटर. आगीच्या बंबाची शिडी कुठपर्यंत पोचते यावर ते ठरलं होतं. आता समजा जुन्या पद्धतीने बांधलं आणि एक मजला साडेचार मीटरचा धरला, तर ४० मीटरमध्ये आठच मजले पुरते बसतात. नव्या पद्धतीने मजला ३.३ मीटरचा केला तर बारा. उंची तीच, जमीन तीच, पण भाड्याने द्यायला चार मजले जास्त. शिवाय जुन्या इमारतींच्या भिंतीच सगळं वजन पेलतात, म्हणून खालच्या मजल्यावर त्या फार जाड असतात. ती सगळी जागा भाडं न देणारी. नव्या सांगाड्याच्या इमारतीत भिंत म्हणजे नुसता पडदा. त्यात ट्यूबलाइट आणि एसी आले, म्हणजे उजेडासाठी उंच छत आणि मधला मोकळा चौक यांचीही गरज संपली.

मग १९५८ मध्ये पूर्ण झालेल्या आयसीआय हाऊसने ती ४० मीटरची मर्यादाही ओलांडली. ती कॉलिन्स स्ट्रीटवर नाही, पण तिच्यामुळे वाट मोकळी झाली. त्यानंतर पाच-सहा मजली जुनी इमारत ठेवणं म्हणजे मालकाच्या हिशेबात दर महिन्याला तोटा.

दुसरं म्हणजे आवड. पन्नाशीच्या दशकात "व्हिक्टोरियन" हा शब्द जवळजवळ शिवीसारखा होता. काजळी बसलेलं, कुबट, आजीच्या काळातलं. १९५६ चं ऑलिंपिक मेलबर्नला होणार होतं आणि शहराला आधुनिक दिसायचं होतं. तेव्हा फूटपाथवर बिडाच्या नक्षीदार खांबांचे व्हरांडे होते, तेही काढायला लावले. आज त्याच व्हरांड्यांच्या नकला नव्या कॅफेंना लावतात.

वेलन द रेकर

मेलबर्नच्या या सगळ्या गोष्टीत एक नाव सारखं येतं. वेलन. पाडकाम करणारं घराणं, १८९२ पासून धंद्यात. जिथे काम चालू असेल तिथे पाटी लावायचे: "वेलन द रेकर इथे आहे". लोकांना ती पाटी पाठ झाली होती. रॉबिन ॲनियर यांनी त्यांच्यावर एक पुस्तकच लिहिलंय, कारण शहरात काय काय होतं याचा हिशेब पाडणाऱ्याइतका कोणाकडे असणार?

त्यांचं एक गाजलेलं काम म्हणजे कॉलिन्स आणि एलिझाबेथ स्ट्रीटच्या कोपऱ्यावरची इक्विटेबल बिल्डिंग. अमेरिकन विमा कंपनीने १८९६ मध्ये पुरी केलेली. ग्रॅनाइटचे प्रचंड दगड, आत संगमरवर. विमा कंपनीला लोकांना हेच सांगायचं होतं, की आम्ही कुठे जाणार नाही, तुमचा पैसा आमच्याकडे सुरक्षित आहे. ती इमारत १९६० मध्ये पाडली. वय ६४. इतकी मजबूत, की पाडायलाच घाम निघाला. म्हणजे ती मोडकळीला आली होती, धोकादायक होती, असलं काही नव्हतं. ती पूर्ण धडधाकट असताना गेली.

तिच्या दारावरचा पुतळ्यांचा गट तेवढा वाचला, तो आज मेलबर्न युनिव्हर्सिटीच्या आवारात आहे. तिथे अजून एक गोष्ट बघण्यासारखी आहे. कॉलिन्स स्ट्रीटवर बँक ऑफ न्यू साउथ वेल्सची १८५० च्या दशकातली इमारत होती, जोसेफ रीड यांनी केलेली. तीसच्या दशकात ती पाडली तेव्हा तिचा दर्शनी भाग दगड दगड करून युनिव्हर्सिटीत नेऊन परत उभारला. २०१४ मध्ये तिथे वास्तुकला विभागाची नवी इमारत झाली, तिच्यात तो अजून आहे. गंमत म्हणजे आज तिथे आर्किटेक्चरची मुलं त्याच्या पायथ्याशी बसून सँडविच खातात. मला ती जागा आवडते, पण एक सांगू? बँकेचा दरवाजा रस्त्यावर असतो तेव्हा त्याला अर्थ असतो. तिथे तो मखरात ठेवल्यासारखा वाटतो.

समोरासमोरच्या दोन जागा

आता आजच्या भागातला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा मुद्दा.

विल्यम स्ट्रीटच्या जवळ कॉलिन्स स्ट्रीटवर समोरासमोर दोन जागा आहेत. दक्षिणेला वेस्टर्न मार्केट होतं. शहराचा पहिला अधिकृत बाजार इथे १८४१ मध्ये भरला, आणि १८६८ ची पक्की इमारत साठच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत उभी होती. उत्तरेला स्कॉट्स हॉटेल होतं, मेंढ्यांचे मोठे कळप बाळगणाऱ्या शेतकऱ्यांचं आणि घोड्यांच्या शर्यतीवाल्यांचं आवडतं. दोन्ही साधारण एकाच सुमाराला पाडलं गेलं. दोन्ही ठिकाणी विमा कंपन्यांनीच नव्या इमारती बांधल्या आणि दोन्ही १९६५ पर्यंत उभ्या राहिल्या.

बाजाराच्या जागी नॅशनल म्युच्युअलची इमारत आली. पुढे मोकळी जागा सोडलेली, मागे उंच ठोकळा, वरून पातळ संगमरवराच्या फरशा. २०१२ मध्ये त्यातली एक वरून खाली पडली. बाहेरच्या भिंतीला पातळ संगमरवर लावण्यातला हा धोका जगात इतरत्रही दिसलाय. रोजच्या उन्हा-गारठ्याने दगड हळूहळू वाकतो आणि कमजोर होतो. शेवटी अख्खी इमारतच पाडली. आता तिथे कॉलिन्स आर्च आहे, वर जाऊन एकमेकांना जोडलेले दोन टॉवर. हिशेब करा: बाजाराची इमारत ९० वर्षांहून जास्त, तिच्या जागी आलेली जेमतेम ५०.

आणि समोर? स्कॉट्सच्या जागी रॉयल इन्शुरन्सची इमारत आली. काळसर, साधी, नेमक्या प्रमाणाची. ती आजही आहे आणि आता ती स्वतःच राज्याच्या हेरिटेज यादीत आहे. म्हणजे ज्या पिढीने जुनं पाडलं म्हणून आपण बोटं मोडतो, त्याच पिढीने बांधलेली ही इमारत आज आपण जपतोय.

एकच दशक, एकच रस्ता, एकाच प्रकारचा मालक. एकीकडे नंतर काही पटण्यासारखं मिळालं, दुसरीकडे पन्नास वर्षांनी परत धूळ. म्हणून मला "जुनं चांगलं की नवं चांगलं" हा वादच पटत नाही. विचारायचा प्रश्न वेगळा आहे: जे जातंय त्याच्या तोडीचं काही येतंय का? आणि हे पाडायच्या आधी कोण तपासतंय? कॉलिन्स स्ट्रीटवर १९७४ पर्यंत ते तपासणारं कोणी नव्हतं. मालकाने ठरवलं, वेलनची पाटी लागली, संपलं.

आमच्या क्षेत्रात याची ओळखीची आवृत्ती आहे. नवीन आलेला प्रत्येक जण म्हणतो, ही जुनी सिस्टिम फेकून नव्याने लिहूया. कधीकधी ते बरोबरही असतं. पण जुनीत वीस वर्षांच्या दुरुस्त्या मुरलेल्या असतात, आणि नवी काय करणार हे कागदावर मांडल्याशिवाय जुनी बंद करू नये एवढं तरी आम्ही ठेचा खाऊन शिकलोय. सॉफ्टवेअरला निदान बॅकअप असतो. इमारतीला नाही.

ज्या वाचल्या त्या कशा वाचल्या

१९७४ मध्ये व्हिक्टोरिया राज्याने ऐतिहासिक इमारतींसाठी कायदा केला. फेडरल जाऊन तेव्हा एकच वर्ष झालं होतं.

पण नुसत्या कायद्याने झालं नाही. कमर्शियल बँक ऑफ ऑस्ट्रेलियाचा घुमटाचा मोठा हॉल १८९० च्या सुरुवातीचा. गंमत अशी, की तो पुरा होतो न होतो तोच, एप्रिल १८९३ मध्ये, त्याच बँकेने व्यवहार थांबवले होते! सत्तरच्या दशकात तो पाडायचं चाललं तेव्हा लोक रस्त्यावर उतरले, कॉलिन्स स्ट्रीट वाचवायला संघटना उभी राहिली. घुमट वाचला आणि नंतरचा टॉवर त्याच्या मागून चढवला. आज आत जाऊन वर बघता येतं.

बांधकाम मजुरांच्या युनियनचाही यात मोठा वाटा आहे. रीजंट थिएटर १९२९ चं, म्हणजे व्हिक्टोरियन नव्हे, पण याच रस्त्यावरचं. युनियनने सांगितलं, आमचा कोणी माणूस इथे घण घालणार नाही. ते बरीच वर्षं बंद पडून राहिलं, पण १९९६ मध्ये परत सुरू झालं. पाडायला माणूसच मिळाला नाही तर मालक काय करणार?

आणि शेवटी रिअल्टो. १८९१ ची इमारत, वास्तुविशारद विल्यम पिट. हेच पिट फेडरलच्या कामातही होते. दोन्हींमध्ये अंतर फक्त किंग स्ट्रीट ओलांडण्याचं. रिअल्टो वाचली, शेजारी १९८६ मध्ये २५१ मीटरचा रिअल्टो टॉवर्स झाला, आणि जुन्या इमारतीत आज हॉटेल चालतं. मधल्या जुन्या गल्लीवर काचेचं छप्पर घातलंय, खाली दगडी फरसबंदी तशीच. दोन्हीकडे टॉवर आला. रिअल्टोच्या मालकाला मजले मिळाले आणि रस्त्याला त्याची जुनी इमारतही राहिली. म्हणजे हे शक्य होतं. फेडरलच्या वेळी तसा विचार करायला भाग पाडणारं काही नव्हतं, एवढाच फरक.

यातही फसवाफसवी होते, ते सांगायला हवं. काही ठिकाणी पुढची भिंत तेवढी ठेवतात आणि मागचं सगळं पोखरून टाकतात. रस्त्यावरून बरं दिसतं, पण आत गेलात की जिना नाही, हॉल नाही, काही नाही. मुखवटा आणि माणूस यात फरक असतो.

आपल्याकडे

आता तुमच्यापैकी बरेच जण मुंबई-पुण्यात ऐकताय. मुंबईत फोर्टमधला दादाभाई नौरोजी रोड, जुना हॉर्नबी रोड, हा कॉलिन्स स्ट्रीटचाच समकालीन. तिथल्या इमारतींच्या खालून जी कमानींची सलग वाट जाते ती १८९६ च्या बांधकाम नियमांची देणगी आहे. मुंबईत हेरिटेजचे नियम १९९५ मध्ये आले आणि २०१८ मध्ये ओव्हल मैदानाभोवतीचा व्हिक्टोरियन आणि आर्ट डेको परिसर जागतिक वारसा झाला. पण यादीत नाव आलं म्हणून छप्पर गळायचं थांबत नाही. काळा घोड्याजवळचं वॉटसन हॉटेल, म्हणजे एस्प्लनेड मॅन्शन, लोखंडी सांगाड्याची किती महत्त्वाची इमारत, पण २००५ मध्ये तिचा एक भाग कोसळलाच. लोक आत राहत होते, काम करत होते. त्यांना कोसळत्या घरात राहून वारसा जपा असं सांगणं सोपं आहे, पण ते न्याय्य नाही.

म्हणून सोसायटीच्या मीटिंगमध्ये रीडेव्हलपमेंटचा विषय निघाला की मी "पाडू नका" असं म्हणणार नाही. तीन प्रश्न मात्र विचारा. एक, हे खरंच मोडकळीला आलंय, की दुरुस्तीत कोणाचा फायदा नाही म्हणून तसं म्हणतायत? दोन, जे येणार आहे ते किती वर्षं टिकेल, आणि त्याची देखभाल कोण आणि कशातून करणार? तीन, रस्त्यावरून चालणाऱ्याला यातून काय मिळणार, की फक्त गेट आणि पार्किंगचा रॅम्प? या तिन्हींची उत्तरं लेखी मागा. पाडल्यानंतर यातला एकही प्रश्न विचारून उपयोग नसतो.

आणि अजून एक सोपं काम. तुमच्या गावातल्या, पेठेतल्या मुख्य रस्त्याचे फोटो काढून ठेवा. दुकानांच्या पाट्या, जिने, दारं, सगळं. फेडरल कसं होतं हे आज मला कळतं ते फक्त कोणीतरी कॅमेरा घेऊन उभं राहिलं होतं म्हणून.

चला, आजच्यापुरतं एवढंच. तुमच्या ओळखीच्या रस्त्यावर काय होतं आणि आता काय आहे, ते मला नक्की कळवा. व्हॉइस नोट पाठवलीत तरी चालेल, चांगल्या आल्या तर एक वेगळा भागच करू. भेटूया पुढच्या भागात. काळजी घ्या!